अकरावीचा चित्रकलेचा तास

आमच्या शेजारचे ड्रॉइंग मास्तर काहीही विचारलं तरी "बघू की" म्हणायचे आणि बोटांचा रंग पायजम्याला पुसायचे. हेडमास्तरांनी अकरावीच्या पोरींचा चित्रकलेचा तास काढून गणिताला दिला, तेव्हाही तेच. मी मात्र पेटले! ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा तोंडावर आलेली, माझी लेक रडतेय, आणि मास्तरांचं आपलं "बघू की"?

मग गॅदरिंग आलं. हेडमास्तर स्वतः मास्तरांच्या दारात. "मास्तर, स्वागताचा फळा रंगवायचाय."

"गणिताच्या सरांना सांगा की. तास त्यांच्याकडं हाय."

पाहुण्यांपुढं फळा कोराच राहिला. तास काही परत मिळाला नाही. मास्तर पोरींना आपल्या ओसरीवर बसवून शिकवू लागले. एवढी मोठी शाळा उभी, आणि पोरींनी चित्रं काढायची ओसरीवर!