गच्चीवरचं लाल लुगडं

छावणी वाढवायचं ठरलं तेव्हा माझी जमीन त्यात गेली आणि माझ्या धाकट्या जावेची राहिली. आमच्या दोघींच्या मधल्या बांधावरूनच तारेचं कुंपण गेलं. लोक म्हणाले, धाकटीचं नशीब चांगलं, तिची जमीन वाचली. तसं काही नव्हतं. मला मावेजा मिळाला आणि त्यात गावाच्या कडेला माझं स्लॅबचं घर झालं. तिच्या वाट्याला चांदमारी आली. टेकडीवर लाल झेंडा लागला की जवानांचा गोळीबाराचा सराव असतो. त्या दिवशी कुंपणालगतच्या शेतात कोणी पाय ठेवायचा नाही. आदल्या दिवशी निरोप देतात, नाही असं नाही. पण पीक काही निरोपानं थांबत नाही.

त्यात बाया मिळेनाशा झाल्या. छावणीत बांधकाम निघालं, मेसमध्ये पोळ्या लाटायला माणसं लागली. सावलीतलं काम, ठरल्या वेळेला सुटी. माझी सूनही तिथंच जाते. मी तिला कधी अडवलं नाही. उन्हात वाकायची हौस कोणाला असते?

जाऊ आणि मी चार वर्षं बोलत नव्हतो. दोघींचे नवरे गेलेले, दोघींची डोकी पांढरी झालेली, तरी समोरून आलो तर एकीनं रस्ता बदलायचा, असं चाललं होतं.

गेल्या माघात तिची वीस गुंठे हळद निघाली. ट्रॅक्टरनं उकरून टाकली होती. बायांनी ती वेचून, गड्डे मोडून सुटी करायची आणि दुसऱ्या दिवशी शिजवायला कुकर यायचा. कुकर म्हणजे ट्रॅक्टरमागं बांधून आणतात ती वाफेची टाकी. तो नंबरानं फिरतो. तिथून पुढं तो शिरड शहापूरकडे जाणार होता आणि पंधरा दिवस इकडं फिरकणार नव्हता. उघड्यावर पडलेली हळद तेवढे दिवस दम धरत नाही, वाळून हलकी पडते. जावेचं वर्षाचं सगळं त्या रानात पडलं होतं. सुनेनं मला हे सांगितलं, मी ऐकून घेतलं आणि गप्प बसले.

त्या दिवशी सकाळी मी लुगडी धुतली. वरचा मजला पुढंमागं बांधू म्हणून गच्चीवर पिलरच्या सळया तशाच ठेवल्या आहेत. त्यातल्या उंच सळईला लाल लुगडं बांधलं. वाऱ्यानं लवकर वाळतं. जावेच्या शेतातून बघितलं तर माझी गच्ची आणि टेकडी एका ओळीत येतात, हे मला कधी सुचलं नव्हतं.

आठ बाया रिक्षातून उतरल्या, लाल फडकताना बघितलं, आणि झेंडा लागला म्हणत परत रिक्षात बसल्या. जाऊ मागं धावली, आज चांदमारी नाही म्हणाली. कोण ऐकतं? जीव सगळ्यांना प्यारा. मग ती त्या झेंड्याच्या दिशेनं चालत निघाली आणि माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"लुगडं काढा, अक्का."

चार वर्षांतला पहिला शब्द. मला आधी कळलंच नाही. तिनं बोट वर केलं, झालं ते सांगितलं आणि विचारलं, "मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम करायला लुगडं कशाला पाह्यजे? माझं तोंड हाय की."

"ते चार वर्सं झाले बंदच हाय," ती म्हणाली. रागातसुद्धा मला अहोजाहो करायचं तिनं सोडलं नव्हतं.

लुगडं ओलंच खाली घेतलं, डोक्याला फडकं बांधलं आणि तिच्यामागं निघाले. बायांना रस्त्यातच दुसऱ्या शेतकऱ्यानं उचललं होतं, त्या काही परत येणार नव्हत्या. दोघीच वेचायला बसलो. माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून बुड टेकून सरकत वेचलं. मी फार सावकाश वेचते असं ती दोनदा बोलली. दुपारी सुनेला फोन लावला. मेसमधून सुटल्यावर ती आणखी दोघींना घेऊन आली. दिवस मावळेपर्यंत निम्म्याहून जास्त झालं. सकाळी कुकर आला, होती तेवढी शिजवून गेला.

राहिलेली आम्ही दोन दिवस वेचली. मग जावेनं गोठ्यामागची लोखंडी कढई बाहेर काढली. घर एकत्र होतं तेव्हा सगळी हळद तिच्यातच शिजायची. वाटणीत कढई जावेकडे गेली आणि अलीकडे म्हशी तिच्यात पाणी पीत होत्या. आम्ही ती घासली, चर खणला, वर हळदीचा पाला आणि पोतं झाकून खाली कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या. शिजेपर्यंत बांधावर बसलो. कुंपणापलीकडे माझं शेत होतं, तिथं आता क्वार्टर झालेत. एका दारात कोणा जवानाची बायको मेथी निवडत होती.

"मावेज्याचा राग न्हाई, अक्का," जाऊ म्हणाली. "यादीत तुमचा गट हाय आन माझा न्हाई, हे तुमाला आधी ठाऊक होतं. मला सांगितलं काहून न्हाई?"

ठाऊक होतं. यादी चावडीवर लागायच्या आठ दिवस आधी मला कळलं होतं. तिनं वेळेत अर्ज केला असता तर कदाचित तिचीही जमीन घेतली असती.

"भ्याले," मी म्हणाले. "तू अर्ज केला तर माझंबी अडकून पडंल वाटलं. म्हणून गप बसले."

तिनं पऱ्हाट्या आत सारल्या. पोतं जरा उचलून एक कंद बाहेर काढला आणि माझ्यापुढं ठेवला. शेजारी एक काडी ठेवली. हळद शिजली का हे बघायचं काम आमच्या घरात थोरल्या जावेचं असायचं.

मी काडी टोचली. ती अर्ध्यातच अडली.

"कच्ची हाय अजून."

"मग बसा," ती म्हणाली.