वाईनला हवा पाजायचं यंत्र

आमच्या स्वयंपाकघरात एक यंत्र आहे. त्याच्याइतकी बिनकामाची वस्तू या घरात आजवर आलेली नाही, आणि आमच्याकडे लग्नाच्या आहेरातले तीन लेमनसेट अजून खोक्यातच आहेत.

हातात मावेल एवढं, काचेसारख्या प्लॅस्टिकचं. वर वाटीएवढं तोंड, खाली नळी आणि बाजूला दोन बारीक भोकं. ते ग्लासवर धरायचं आणि वरून वाईन ओतायची. भोकांतून हवा आत ओढली जाते, न्हाणीतलं पाणी मोरीतून जाताना होतो तसा घळघळ आवाज होतो, आणि म्हणे वाईनची चव सुधारते. खोक्यावर छापलंय की वास खुलतो. मी तेलाची बाटली भरायला नरसाळं म्हणून वापरून पाहिलं, तर भोकांतून तेल ओट्यावर सांडलं. म्हणजे त्याही कामाचं नाही!

पण माझा राग तेलाचा नाही. वास खुलतो, या दोन शब्दांचा आहे.

आमचे हे द्राक्षवाले. जुन्नर तालुक्याच्या आमच्या भागात जवळपास सगळेच द्राक्षवाले, पण यांनी जवळच्या वायनरीच्या भरवशावर बागेचा एक तुकडा वाईनच्या द्राक्षांना दिला. ती द्राक्षं बारीक, जाड सालीची, सगळी बियाच. भावकी हसली होती. वायनरीवाले दर दिवाळीला बागाईतदारांना दोन-चार बाटल्या पाठवायचे. मग हे ग्लास नाकाशी धरून इतका वेळ बसायचे की मला वाटायचं, पिणार कधी! त्यांच्या नादानं मीही दोन घोट घ्यायला शिकले. भावकीत त्याचीही चर्चा झाली. होऊ दे.

यांचं नाकच तसं होतं. माझं माहेर तळेघरकडचं. तिकडचा वासाचा तांदूळ चुलीवर असला की गाडी स्टँडवर लावता लावता हे अंगणातूनच म्हणायचे, “आज माहेरचा भात हाय वाटतं.” मग कोरोना झाला. ताप उतरला, अंगात ताकद आली, वास मात्र गेला तो गेलाच. हे त्याबद्दल बोलायचे नाहीत. भात गपगुमान खायचे.

एकदा मी बागेतून घरी आले तर दारातच गॅसचा भपकारा आला. दूध उतू जाऊन बर्नर विझला होता आणि गॅस चालूच होता. हे शेगडीपासून दोन हातांवर खुर्ची टाकून निवांत पेपर वाचत बसलेले. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मग जी ओरडले ती शेजारच्या वस्तीवर ऐकू गेली असेल. “मला कळलंच न्हाई,” हे एवढंच म्हणाले.

तेव्हा मी त्यांना मंचरच्या नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भला माणूस, उगीच आशा लावली नाही. म्हणाले, लवंग, लिंबू, गुलाबपाणी आणि निलगिरी सकाळ-संध्याकाळ हुंगायची, डोळे मिटून, प्रत्येकाचा वास आठवत. नाकाला पुन्हा शिकवायचं. महिनोन्‌महिने लागतील, कदाचित येणारही नाही, पण सोडायचं नाही. मी सोडणार नव्हतेच. रोज दोन वेळा मी स्वतः लवंग त्यांच्या नाकाशी धरायची आणि विचारायची, “आला?” हे मान हलवायचे. मग लिंबू.

अशात मुलीचा दिवाळसण आला. घरात चकल्या तळल्या जात होत्या, अनारशांचं तूप कढत होतं, आणि ज्या माणसाला एरवी स्वयंपाकघरातून हाकलावं लागायचं तो बाहेर अंगणात द्राक्षांच्या पाट्या पुसत बसला होता. मला ते बघूनच रडू येत होतं. तेवढ्यात जावई आले आणि त्यांनी पिशवीतून हे यंत्र काढलं.

“एरेटर म्हणतात याला, मामी. वाईनचा वास दुपटीनं वाढतो. म्हटलं, मामांना उपयोग होईल.”

पहिल्या दिवाळसणाचा जावई. त्याच्या पानात मीठ कमी पडलं तरी घराची अब्रू जाते, तिथे त्यानं आणलेली वस्तू कुचकामी आहे असं म्हणायची सोय आहे का? जावयांनी यंत्र धरलं, मुलीनं बाटली वाकवली, घळघळ झाली. यांनी ग्लास नाकाशी नेला.

“हां,” हे म्हणाले. “फरक हाय. येतोय वास. लई भारी, पावणं!”

मुलगी “आप्पा!” म्हणत यांच्या गळ्यात पडून रडली. जावयांनी लगेच फोटो काढला. आणि मी? मी कळशी उचलून मागच्या दारी गेले, कारण त्या दिवशी सकाळीच यांनी खवट खोबऱ्याच्या दोन करंज्या मिटक्या मारत खाल्ल्या होत्या. मी टाकायला काढून ठेवलेल्या.

दुसऱ्या दिवसापासून लवंग बंद. “आता कशाला? वास यायला लागलाय की,” असं म्हणून यांनी डबी फडताळात ठेवली. महिन्याभराची मेहनत एका प्लॅस्टिकच्या नळकांड्यानं पाण्यात घातली. मी काही म्हणायला गेले की मुलगी म्हणायची, “आई, तुला आनंद होत नाही का गं?” भावकीतले पुरुष यंत्र बघायला येऊन वाईन पिऊन जायचे आणि माना डोलवायचे. एकानं तर डोळे मिटून “फुलांचा वास येतोय, राव” असं सांगितलं. या माणसाला पेट्रोल आणि डिझेल वासावरून ओळखता येत नाही.

मग मीच बसले. माझं नाक धड आहे, बघू तर खरं. एक ग्लास यंत्रातून, एक तसाच. पहिल्या घोटाला यंत्रातली वाईन जराशी मऊ लागली, खोटं कशाला बोलू. दुसरा ग्लास ओट्यावर ठेवून मी भाजी निवडली, कणीक मळली, आणि मग तो चाखला. दोन्हींत काडीचा फरक नव्हता. म्हणजे हवाच लागायची असते ना? मग ग्लास उघडा ठेवा! मढकडच्या घाटातून वारा येतो तो इथल्या पत्र्यांवरचे दगड हलवतो. आमच्याकडे हवा विकत आणायची वेळ कधी आली? आम्ही चहा बशीत ओतून पितो, त्यालाही हवाच लागते. त्याचं यंत्र काढून कुणी वास खुलतो म्हणून छापलं नाही.

जावई आणि मुलगी पुण्याला गेली. त्याच दुपारी मी यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. म्हटलं, “मी दोन ग्लास भरते. यंत्रातला कुठला ते सांगा.”

एक ग्लास मी बाटलीतून गुपचूप भरला. मग यंत्र मोरीवर धरून त्यातून तांब्याभर नळाचं पाणी ओतलं. घळघळ, घळघळ. आणि दुसरा ग्लासही सरळ बाटलीतूनच भरून दोन्ही त्यांच्या हातात दिले.

“ह्यो मशीनचा,” दुसरा नाकाशी नेऊन हे लगेच म्हणाले. “वास खुललाय.”

मी जिंकले होते. इतके दिवस कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. “थेंबसुद्धा गेलेला नाही यंत्रातून! पाणी ओतलं मी, नळाचं पाणी! तुम्हाला काहीही वास येत नाही, आणि त्या नळकांड्यापायी तुम्ही लवंग सोडलीत! उद्या मी बागेत असताना पुन्हा गॅस सुटला तर? काय करायचं मी?”

हे वळले. चेहऱ्यावर चोरी पकडल्याचं काहीच नव्हतं.

“ठावं हाय मला.”

“काय ठाऊक आहे?”

“वास येत न्हाई त्ये. तवाबी आला नव्हता. पोरगी पयल्या सणाला आली व्हती, पावण्यानं एवढ्या हौसेनं आणलं. काय सांगायचं त्येला?”

“ते मला कळलं. पण आता ते गेले ना पुण्याला? मग लवंगेनं काय घोडं मारलंय?”

यांनी ग्लास खाली ठेवला.

“तू सकाळ-संध्याकाळ लवंग धरतीस आन माज्या तोंडाकडं बघत ऱ्हातीस. डोळं उघडलं की पयलं तुजं तोंड दिसतं. मी न्हाई म्हनलं की त्ये असं उतरतं... दिसातनं दोनदा. वासाबिगर मी जगंन गं. पर त्ये बघवत न्हाई मला. मशीन आलं तवा तू चिडलीस. चिडलेली बरी वाटलीस.”

मी आणखीच संतापले. म्हणजे आता चूक माझ्या तोंडाची! इतकी वर्षं हेच तोंड घेऊन या घरात वावरले, ते आता कुठं नेऊन ठेवू? मी फडताळातून लवंगांची डबी काढून त्यांच्या पुढ्यात आपटली. “मी बघत नाही. तुम्ही हुंगा. येत नसला तर सांगू नका, आणि आला तरी सांगायची घाई करू नका.”

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ हे खुर्चीत बसून आपलं आपण लवंग हुंगतात, मग लिंबू, गुलाबपाणी, निलगिरी. मी त्यांच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसते. मागून एक लांब श्वास ऐकू येतो, मग थांबून दुसरा. आला का, हे विचारायला जीभ शिवशिवते, मान आपोआप वळायला लागते. मी वळत नाही. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, त्याच्याकडे रागानं बघत राहते.