मी पास केलेली मुलगी

परवा माझ्या सख्ख्या मावशीने मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलं. कारण काय, तर मी तिच्या सुनेला वेडी ठरवलं नाही…

मी परभणीत सायकॉलॉजिस्ट आहे. कॉलेजवाले बोलावतात, मी न्यूरोडायव्हर्सिटीवर बोलते, प्रत्येकाच्या मेंदूची घडण वेगळी असते वगैरे सांगते. पोरं टाळ्या वाजवतात आणि मी शाल-नारळ घेऊन घरी येते. एवढी मी शहाणी!

गेल्या आठवड्यात मावशी रिक्षाने थेट क्लिनिकवर आली. सोबत सून, प्रतीक्षा. नाव बदललंय, आणि तिला विचारूनच लिहितेय. ती माझ्याकडे न बघता बसली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मावशीने पाणीसुद्धा घेतलं नाही. "तूच पसंत केलतीस ना? मग आता तूच लिहून दे, डोक्यानं बरोबर न्हाई म्हणून. पोराला मोकळं करायचंय."

मग तक्रारी सुरू. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसते. दिराच्या वरातीत डीजे लागला तर कानात बोटं घालून रडली, लय लाज गेली म्हणे. भिशीच्या बायकांसमोर मावशीलाच म्हणाली, "हे तुमी मागच्या भिशीलाबी सांगितलं होतं." आणि बोलताना कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. घमेंड हाय नुसती!

हे सगळं सांगताना मावशीच्या अंगात जे ब्लाउज होतं ना, ते प्रतीक्षाने शिवलेलं. तशी फिटिंग अख्ख्या गल्लीत कुणाला जमत नाही. ते मात्र वेड नव्हतं…

"तूच पसंत केलतीस" हे खरं आहे हो. तीन वर्षांपूर्वी मानवतला मुलगी पाहायला जाताना मावशीने मला मुद्दाम सोबत घेतलं होतं. "आमची पोरगी मानसशास्त्र शिकलेली हाय, माणूस बघितलं की ओळखती." मी पण ऐटीत गेले.

प्रतीक्षा पोह्यांचा ट्रे घेऊन आली. खाली मान. विचारलं तेवढंच उत्तर, एक शब्द जास्त नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, तुला काही विचारायचंय का? तर ती म्हणाली, "तुमच्या घरी मिक्सर किती वाजता लावतात?"

सगळे हसले.

परत येताना गाडीत मावशीने मला विचारलं, कशी वाटली? मी म्हणाले, लय सालस आहे गं, मान वर करून कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. झालं, मुलगी पास.

आता बोला! नजरेला नजर देणं जड जातं, हा माझ्या ऑटिझमच्या स्लाइडवरचा पहिला मुद्दा. आवाज सहन होत नाहीत, हा दुसरा. आपल्याला कशाचा त्रास होतो ते त्या पोरीने भर बैठकीत स्वतःहून सांगून टाकलं होतं, आणि आम्ही पोहे खात होतो. कॉलेजात जी खूण, तीच बैठकीत संस्कार! तशीच मान मुलाने खाली घातली असती तर येडपट म्हणून उठून आलो असतो. आणि ज्या खाली मानेला लग्नाआधी पैकीच्या पैकी मार्क दिले, तिच्यापायीच आता पोरीला माहेरी धाडायला निघाले.

मी मावशीला स्पष्ट सांगितलं, असला कागद मिळणार नाही. ही वेडी नाही. आणि नात्यातल्या माणसाची तपासणी मी करत नाही, नांदेडच्या एका मॅडमचा नंबर देते, प्रतीक्षाला वाटलं तर ती जाईल. मावशी भडकलीच. "तू कोणाची हायस, आमची का तिची?" म्हणत चपला घालून रिक्षा बघायला बाहेर गेली.

खोलीत आम्ही दोघीच. वरचा फॅन करकर करत होता, तो मी बंद केला. तीन वर्षं उशिरा सुचलं. तेव्हा प्रतीक्षा पहिल्यांदा बोलली, टेबलाकडे बघत. "ताई, तुमाला त्या दिवशी कळलं होतं का?"

खोटं बोलणं लय सोपं होतं. मी म्हणाले, "कळायला पाहिजे होतं. मी नीट बघितलंच नाही."

तिने बोटाला गुंडाळलेली ओढणी सोडवली. मग म्हणाली, "मला सांगितलं होतं, मुलाची बहीण डोक्याची डॉक्टर आहे. मला वाटलं तुमाला कळलंय आणि तरी चालतंय. म्हणून मी हो म्हणले."

मला स्वतःची किळस आली, खरं सांगते.

सध्या ती मानवतला माहेरी आहे. नांदेडला फोन करून तिने स्वतःच वेळ घेतली. माझा मावसभाऊ अजून 'आई म्हणेल तसं'वर आहे, त्याला काय म्हणावं ते इथे लिहिता येत नाही.

ही पोस्ट टाकण्याआधी मी तिला वाचायला पाठवली. खरं तर तिने माझा नंबर डिलीट केला असता तरी चाललं असतं. पण तिने सगळी वाचली, हे तिचे उपकार. उत्तर आलं… "टाका. पण एक चूक आहे. सगळे हसले नव्हते. मी हसले नव्हते. तुमी हसला होता."

वरची ओळ तशीच ठेवलीय. दुरुस्ती इथे करते.

मी हसले होते.