मूर्ती दुखावल्याचा निरोप

नंदन गेल्याचा फोन आला तेव्हा मी परळला एका गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होतो. माणूस जवळजवळ माझ्या आकड्यावर आला होता. फोन मधुरावहिनींचा, नंदनच्या बायकोचा. "दत्ताभाऊ, नंदन गेला... सकाळी दात घासताना पडला, तो उठलाच नाही." मी फोन ठेवला आणि समोरच्याला म्हणालो, "चला, तुमचाच आकडा." असा सौदा मी आयुष्यात कधी सोडलेला नाही. तो माणूस उलट घाबरला, कामात काही खोट आहे का म्हणून विचारायला लागला. त्याला काय सांगणार? मला तोवर दुःख झालंच नव्हतं. राग आला होता. नंदननं मला एक शब्द दिला होता आणि तो पुरा न करता हा निघून गेला होता. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात. चांगलं बोलणारे त्याला पुष्कळ आहेत, त्यांनी गेल्या काही आठवड्यांत भरपूर लिहिलंही आहे. मी झालं तसं लिहितो.

आमची ओळख दादरच्या एका कॉम्प्युटर क्लासमधली. तो फणसवाडीचा. वडील सरकारी कचेरीत, घरात इंग्रजी पेपर, दुपारच्या चहाबरोबर बशीत मोजून बिस्किटं. मी कॉटन ग्रीनचा. वडील गोदामात मुकादम, घरात मालवणी आणि आरडाओरडा. क्लासमध्ये सर काही विचारायचे तेव्हा नंदन उत्तर द्यायचा आणि मी सरांना विचारायचो, की ह्याचे बाजारात किती मिळतील. तो हसायचा. "दत्तू, तू देवाशी पण भाव करशील." मी म्हणायचो, "नंद्या, देव तरी कुठं फुकट देतो?" पुढं आम्ही दोघांनी मिळून वेबसाइटी बनवायचा धंदा काढला. लालबागला एका मसाल्याच्या दुकानावर पोटमाळा भाड्यानं घेतला. उन्हाळ्यात खाली मिरची कांडणं सुरू झालं की वर आम्ही शिंकत काम करायचो. नंदन नाकाला रुमाल बांधून टाइप करत बसायचा, एखाद्या दरोडेखोरासारखा. पानं मी सजवायचो, गिऱ्हाईक मी आणायचो, भाव मी करायचो. आतलं यंत्र त्याचं. आणि ते तो सुंदर बनवायचा, हे मी आजही नाकारत नाही. एपीआय म्हणजे काय हे मला त्यानंच शिकवलं. दोन प्रोग्रामांमधली खिडकी. एकानं ठरल्या शब्दांत विचारायचं, दुसऱ्यानं ठरल्या शब्दांत उत्तर द्यायचं, कुणी कुणाच्या घरात शिरायचं नाही. "तुझ्यासारखं नाही," तो म्हणायचा, "की विचारलं चहाचं आणि निघाला लग्नाचा विषय."

आमचं नाव झालं ते गणपतीच्या मूर्तींमुळे. लालबाग-परळच्या एका जुन्या कारखान्यात, म्हणजे मूर्ती घडवतात त्या मांडवात, घराघरांच्या गणपतींची नोंदणी व्हायची. नंदनच्या घरची मूर्ती आजोबांपासून तिथली, आमचीही तिथलीच. मी कारखान्याचे मालक मेस्त्री यांच्या मागं लागलो, की हे सगळं वेबसाइटवर आणू. घरबसल्या मूर्ती निवडा, रंगकाम कुठवर आलं ते बघा, तयार झाली की मोबाइलवर निरोप येईल. मेस्त्री नको म्हणत होते. मी त्यांना पटवलं, माझ्या शब्दावर ते तयार झाले. निरोप पाठवायची खिडकी नंदननं बांधली. मूर्तीची जी जी अवस्था तिचा एकेक निरोप: नोंदली, रंगवायला घेतली, तयार आहे. आणि एक चौथा. कधी एखादीला धक्का लागून हात-कान तुटतो, तेव्हा घरच्यांना बोलावून दुसरी दाखवावी लागते. मूर्ती भंगली असं आपल्यात कुणी म्हणत नाही, दुखावली म्हणतात. म्हणून तो निरोप असा होता: "आपली मूर्ती दुखावली आहे. कृपया कारखान्यात भेटावे." ह्या चौथ्या निरोपाची चाचणी नंदननं राहू दिली होती आणि आठवण झाली ती चतुर्थीच्या आदल्या दुपारी. अशा चाचणीसाठी एक खोटी खिडकी असते, सरावाची, तिच्यामागं खरी माणसं नसतात. घाईत त्यानं खरी उघडली... आणि नोंदणी केलेल्या प्रत्येक घरी निरोप गेला, की आपली मूर्ती दुखावली आहे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी हा निरोप वाचून मराठी घराचं काय होतं ते मी सांगायला नको. मखर सजलेलं, मोदकाचं सारण तयार, आणि हा अपशकुन. अर्ध्या तासात कारखान्यापुढं गर्दी. कुणी अनवाणी आलेलं, कुणी रडत आलेलं. आमच्या बाजूच्या चाळीतली एक आजी माझ्या शर्टाला धरून म्हणाली, "माझ्या गणपतीक काय केलंस रे मेल्या?" नंदन रंगाच्या डब्यांमागं बसला होता. पांढराफटक. "दत्तू, बाबा येतील रे आता. त्यांच्या मोबाइलवर पण गेलाय. पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आहे माझा... हे बाहेर पडलं तर संपलो मी." बाहेर लोक मेस्त्रींच्या अंगावर जायला लागले होते. मी म्हटलं, "आज मी घेतो अंगावर. पण खरं काय ते एक दिवस तू सांगायचं, चार लोकांत. फुकट नाही घेत मी." तो म्हणाला, "शप्पथ." मी बाहेर जाऊन हात जोडले आणि म्हटलं, चूक माझी, बटण माझ्या हातून दाबलं गेलं. मग एकेका घराला आत नेऊन त्यांची मूर्ती पडदा काढून दाखवली, सगळीकडून. नंदनच्या वडिलांनाही मीच दाखवली. ते म्हणाले, "दत्ता, यंत्राशी खेळ करू नये, येत नसेल तर." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. सगळे गेल्यावर मेस्त्री माझ्याजवळ आले. ओरडले नाहीत. "पुन्हा ह्या मांडवात पाय ठेवू नको. तुझ्या घरची मूर्ती पण दुसरीकडं बघ." माझ्या आईला तो घाव शेवटपर्यंत लागून राहिला.

नंदनला नोकरी लागली. त्या इंटरव्ह्यूचं ज्ञान त्याचं होतं, पगाराची बोलणी मी शिकवलेली. पहिला आकडा आपण उच्चारायचा नाही, समोरच्यानं उच्चारला की गप्प बसायचं, त्याला ती शांतता सोसत नाही. त्यानं तसंच केलं आणि फोन करून ओरडला, "दत्तू, खरंच बसलो रे गप्प, आणि तो चढला!" मग पुण्याची कंपनी, मग बंगळुरू, मग परदेशातली एक, घरबसल्या. प्रत्येक उडीआधी मला फोन यायचा आणि प्रत्येक उडी मी त्याला तोलून द्यायचो. लालबागच्या पोटमाळ्यावर मी एकटाच राहिलो. ह्याचं वाईट वाटलं नाही. माणसानं वर जावं. मधेच तो कॉन्फरन्समध्ये बोलायला लागल्याचं कळलं. मला वाटलं, बोलत असेल आपल्या खिडक्यांविषयी.

ते काय होतं ते मला एका गिऱ्हाइकानं दाखवलं. नव्या टॉवरमधलं ऑफिस, काम मोठं, बोलणी होत आलेली. आणि तो तरुण साहेब माझं कार्ड बघून एकदम हसला. "लालबागचे दत्ता? ते गणपतीवाले तुम्हीच काय?" त्यानं मोबाइलवर व्हिडिओ लावला. स्टेजवर नंदन. बाह्या दुमडलेल्या, हातात पाण्याची बाटली, समोर भरलेला हॉल. इंग्रजीत सांगत होता, की माझा एक पार्टनर होता, हाडाचा व्यापारी, त्याला सगळ्या जगाचा भाव ठाऊक पण खरं बटण कुठलं ते ठाऊक नाही. मग मराठीत, माझ्या आवाजात, माझ्या मालवणी हेलात, "नंद्या, ह्यो एपीआय म्हणजे चायनीजची गाडी काय रे?" हॉल खो खो. मी हे कधीही बोललेलो नाही. मग तो निरोप, मग ती गर्दी, ती आजी, शर्टाला धरणं, सगळं हुबेहूब. रंगाच्या डब्यांमागं कोण बसलं होतं तेवढं सोडून. शेवटी गंभीर होऊन म्हणाला, की म्हणून सरावाची खिडकी आणि खरी खिडकी वेगळ्या ठेवा, आणि दत्तासारख्या माणसाच्या हाती खरी देऊ नका. टाळ्या. ते काम मला मिळालं नाही. त्यानंतर मला कळलं, की हेच भाषण त्यानं कुठं कुठं केलं होतं. त्याची अर्धी कीर्ती ह्या एका गोष्टीवर उभी होती आणि गोष्टीतला मूर्ख मी होतो.

मी फोन करून शिव्या घातल्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. तो म्हणत राहिला, "अरे गंमत आहे रे ती, आडनाव कुठं घेतलंय मी?" लालबागमध्ये दत्ताला आडनाव लागतं का? पुढं कित्येक महिने मी त्याच्याशी बोललो नाही. गोष्टी मात्र मनात रचत होतो. त्याच्या एखाद्या भाषणाला जाऊन पहिल्या रांगेत बसायचं, प्रश्नांची वेळ झाली की उठायचं आणि विचारायचं, डब्यांमागं कोण होतं रे नंद्या? हा प्रसंग मी इतक्या वेळा मनात घडवलाय, की मला त्या हॉलमधल्या खुर्च्यांचा रंगही माहीत होता.

तो गेला त्याच्या थोडंच आधी फणसवाडीत आईकडे आला होता. मी गाठलं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात समोरासमोर बसलो. त्याचे केस पिकले होते, मिसळ तशीच पडून होती. मी म्हटलं, "आता मुंबईत मोठं भाषण आहे म्हणे तुझं. तिथं सांग." तो म्हणाला, "दत्तू, तेच भाषण ऐकायला बोलावतात रे मला. शेवट बदलला तर उरतं काय?" मी म्हटलं, "खरं उरतं." बराच वेळ तो पाव कुस्करत राहिला. मग म्हणाला, "सांगतो. मुंबईत सांगतो. तू ये, पहिल्या रांगेत बस." मी बजावलं, शब्दाला जागला नाहीस तर स्टेजवर चढेन. तो हसला, पाठीवर थाप मारून गेला... आणि मुंबईच्या भाषणाआधीच तो सकाळी बेसिनपाशी पडला. मी एवढे सौदे केले, पण समोरचा असा हातातून निसटलेला मी पाहिला नाही.

त्याच्या क्षेत्रातल्या मंडळींनी दादरला एका लहान हॉलमध्ये शोकसभा ठेवली. फोटो, हार, पुढं मधुरावहिनी आणि काकू, म्हणजे नंदनची आई. एका मुलीनं माइक घेऊन सांगितलं, की नंदनसरांना आपण रडलेलं आवडलं नसतं, म्हणून त्यांचं गाजलेलं भाषण बघू या. आणि पडद्यावर तेच. रडवेले लोक हळूहळू हसायला लागले. चायनीजच्या गाडीपाशी सगळा हॉल हसला. काकू हसल्या. मी उभा राहिलो. कुणी बोलावलं नव्हतं. माइक घेतला आणि म्हटलं, "मी तो दत्ता. बटण ह्यानं दाबलं होतं. मी अंगावर घेतलं, कारण हा डब्यांमागं दडून बसला होता. मला मुंबईत खरं सांगायचा शब्द दिला होता ह्यानं. तो नाही म्हणून मी सांगतोय." मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, वेळ काय, बोलता काय?" मी म्हटलं, "वेळ मी नाही निवडली, त्यानं निवडली." आणि बाहेर पडलो. वाटलं होतं, छाती हलकी होईल. झाली. खोटं कशाला बोलू?

दोन दिवसांनी काकूंनी बोलावून घेतलं. फणसवाडीतल्या त्याच खोलीत, त्याच बश्या. मधुरावहिनींचे डोळे सुजलेले आणि आवाज धारदार. "दत्ताभाऊ, तो व्हिडिओ त्याच्या चॅनेलवरून मी काढून टाकते. मग तर झालं तुमचं?" मी म्हटलं, "काढायचा नाही. काढला तर तो सुटला. खाली लिहायचं, चूक माझी होती, आणि दत्ताची माफी." वहिनी भडकल्या. "गेलेल्या माणसाच्या नावानं मी माफी लिहू? त्यानं कबूल केलं असतं की नाही, ते तुम्ही कोण ठरवणार?" मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. तेव्हा काकू मधे पडून म्हणाल्या, "दत्ता, त्या वर्षापासून नंदन मूर्ती आणायला कधी गेला नाही. दर वेळी त्याला काहीतरी काम. मी म्हणायची, मोठा झाला, आता पाट कशाला उचलेल... मेस्त्रींना तोंड दाखवत नव्हता होय." काकू सुनेला म्हणाल्या, "लिही. त्याच्या नावानं नको, माझ्या नावानं लिही. मी त्याची आई. तो निरोप माझ्या मुलानं पाठवला होता, दत्तानं नाही." वहिनींनी लिहिलं. मी म्हटलं, "आणि माफी?" काकूंनी माझ्याकडं सरळ पाहिलं. "ती त्याच्याकडं होती. माझ्याकडं नाही. मिळणार नाही." आणि बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवली. मी गप्प बसून पाहिलं. काकूंना शांतता सोसते.

तो व्हिडिओ तिथंच आहे. सकाळी कामाला बसण्याआधी मी तो लावतो. खाली मिरची कांडणं चालू असतं. नंदन बाह्या सारख्या करत स्टेजच्या कडेपर्यंत येतो, माझा आवाज काढतो आणि लोक हसायला लागतात. तिथं मी त्याला थांबवतो, तोंड अर्धवट उघडं असतं त्याचं, आणि खालची काकूंची ओळ वाचतो. नीट, शेवटपर्यंत. मग पुन्हा चालू करतो. खाली काय लिहिलंय ते त्याला ठाऊक नाही. तो आपला रंगात येऊन बोलत राहतो.