बाहेरचं काही आत नको

सकाळी आठ वाजून वीस मिनिटं झालेली. डोंबिवलीच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका लॅबमध्ये मी पहिल्यांदा एअर शॉवरच्या काचेच्या डब्यात उभी राहिले. चारही बाजूंनी अशी हवा सुटली, की मी "आई गं!" करून ओरडलेच. तिथून हे सगळं सुरू झालं. उंदरांच्या खोलीत काम केलं की किस्से आपोआप साठतात, मोरीच्या कोपऱ्यात साबणाचा चिखल साठतो तसे. घासायला बसलं की कळतं, केवढे झालेत.

मी सातवी शिकलेली. तिथे पिंजरे धुते, पाण्याच्या बाटल्या धुते, भुसा बदलते. माझ्याबरोबर कमळाताई. कोपरकडच्या जुन्या गावठाणातली आगरी बाई, माझ्याहून वयाने मोठी. पहिल्या दिवशी अंघोळ, मग दुसरे कपडे, टोपी, मास्क, दोन-दोन हातमोजे, वरून तो हवेचा झोत. मी रडकुंडीला आले. ताई म्हणाली, "चल गो, घाबरू नको. देवीच्या गाभाऱ्यात पन एवरा सोवला नाय!"

माझी वेणी तीनदा टोपीतून बाहेर आली. चौथ्यांदा ताईने टोपीवर टोपी घातली.

*

आमचे उंदीर म्हणजे मोरीतले नव्हेत. डॉक्टर मॅडमनी एकदा समजावलेलं. अंगात एक लांबच लांब ओळ लिहिलेली असते. मॅडम इवल्याशा गर्भात औषधाची कात्री सोडतात आणि त्या ओळीतला नेमका एक शब्द कापतात. मग जो उंदीर जन्मतो, त्याच्या अंगात आजाराशी लढणारं कोणीच नसतं. काही टकले असतात, काही केसाळ, पण आतून सगळे रिकामे. त्यांच्या अंगात माणसाचा कॅन्सर लावला तरी ते नको म्हणत नाहीत. मग त्यावर औषध करून बघायचं.

मी विचारलं, "मॅडम, लढणारं कोणी नाही तर ते जगतात कसे?"

मॅडम म्हणाल्या, "त्यांचं अंग लढत नाही ना, म्हणून आपली खोली लढते."

तेव्हा मला ते वाक्य नुसतं छान वाटलेलं.

*

आमचे सुपरवायझर सावंत सर. त्यांचं रोज एकच पालुपद, "बाहेरचं काही आत नको!" घरात मांजर नको, पोपट नको, घरी उंदीर दिसला तर दुसऱ्या दिवशी कामावर यायचं नाही. आम्ही दिवा स्टेशनजवळ राहणारी माणसं. दिव्यात उंदीर दिसला नाही असा दिवस सांगा!

तर एके दिवशी सरांनी दारावर मराठीत पाटी लावली. 'बाहेरच्यांना आत प्रवेश नाही.' त्या दिवशी कमळाताई कामावर आली आणि पायरीवरच बसली. डबाही तिथेच खाल्ला. दुपारी मॅडमनी बघितलं.

"कमळाताई, आत का नाही आलात?"

"मॅडम, मी भायेरची हाय."

"अहो, तुम्ही स्टाफ आहात. बाहेरच्या कशा?"

"कालपासून हाय."

मॅडम पुण्याच्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या. त्यांना वाटलं, हिला कालपासून कोणी कामावरून काढलं की काय! तरातरा सरांच्या केबिनमध्ये गेल्या. सरांना कळलं तसे ते कानापर्यंत लाल. आमच्याकडे बाईची पाळी आली की ती बाहेरची होते, हे मॅडमना सांगणार कोण? शेवटी मलाच पुढे केलं. दुसऱ्या दिवशी पाटी बदलली. 'स्टाफशिवाय प्रवेश नाही.' ताई म्हणाली, "म्हंजे आमचे देवापेक्षा ह्यो उंदीर मोकल्या मनाचा!"

*

ही गोष्ट मात्र हसायची नाही. एक नवीन मुलगी लागलेली. चेंजिंग रूममध्ये शिंकली. सर म्हणाले, "घरी जा." ती म्हणाली, "सर, साधी सर्दी आहे." औषध घेऊन, मास्क लावून, कोणाला न सांगता आत गेली.

तिच्याचमुळे झालं की आणखी कशाने, ते ठामपणे कोणी सांगितलं नाही. पण काही दिवसांनी एका रॅकमधले उंदीर पाठ वाकवून कोपऱ्यात बसायला लागले. मग ती अख्खी रॅक संपवावी लागली. बाकीचे वाचायला हवेत म्हणून.

कमळाताई रडत होती. मी म्हटलं, "ताई, घरी तर तू फडक्यात धरून आपटतेस."

"त्ये उंदीर हायेत," ती म्हणाली. "ही पोरं हायेत."

सरांनी त्या दिवसापासून एक शब्द बंद केला. 'साधी'. साधी सर्दी, साधा खोकला, साधा ताप, काहीही बोलायचं नाही. चहासुद्धा आम्ही 'बिनमसाल्याचा' म्हणून मागायचो.

*

आता माझ्या घरचं. माझी मुलगी स्वरा, तीन वर्षांची. सारखी आजारी. कान फुटला, तोंड आलं, छाती भरली, एक बरं झालं की दुसरं. सासूबाई लिंबू उतरवून टाकायच्या. "हिला बाहेरचं लागलंय," म्हणायच्या. मी चिडायचे.

शेवटी मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासलं. डॉक्टरांनी मला आणि ह्यांना समोर बसवलं, कागदावर एक किल्ला काढला. म्हणाले, असं समजा, किल्ला आहे, पण आत शिपाई नाहीत.

माझ्या तोंडून निघून गेलं, "टकला उंदीर!"

ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. बाहेर आल्यावर म्हणाले, "पोरीला उंदीर म्हणतेस? आई आहेस ना?"

मी तर घाबरून बोललेले. मला ती रॅक दिसत होती.

आता ठरलंय, की ह्यांच्या हाडातली मज्जा काढून स्वराला द्यायची. तोपर्यंत तिला काही होता कामा नये. डॉक्टर म्हणाले, एवढं सांभाळा, बाकी आम्ही बघतो. एवढं सांभाळा!

*

माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. स्वराच्या वेळी मी सातव्या महिन्यापर्यंत त्याच लॅबमध्ये कामाला होते. एकदा हिंमत करून मॅडमना गाठलं.

"मॅडम, ती तुमची कात्री... तिचं काही उडून माझ्या पोटात तर नाही ना गेलं?"

मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "नाही गं. ती अशी उडत नाही. स्वराचं कोणी कापलेलं नाही. मुळात लिहितानाच एक अक्षर चुकलंय."

"कोणी लिहिताना?"

मॅडमनी माझा हातमोजा मनगटावर नीट वर ओढला. मग म्हणाल्या, "जा, तुझ्या बाटल्या राहिल्यात."

*

घर आता मी लॅबसारखंच केलंय. चपला जिन्यात. आल्याबरोबर आधी मोरी, मग कपडे, मग पोर. नळाला पाणी येईल तेव्हा येईल, हातांचं पाणी वेगळं भरून ठेवायचं. सासूबाई आधी कुरकुरल्या. मग एक दिवस मी त्यांना म्हटलं, "आई, तुमचंच खरं. हिला बाहेरचंच लागतं. फक्त ते लिंबाने जात नाही, साबणाने जातं." तेव्हापासून त्या माझ्यापेक्षा कडक! ह्यांनी एकदा हात न धुता स्वराच्या गालाला हात लावला, तर भर दारात म्हणाल्या, "मेल्या, एअर शॉवर कुठाय तुझा?"

पण एवढं करून चुकलंच. टिटवाळ्याच्या आमच्या नणंदबाई आल्या. मोसंबी घेऊन, नाक ओढत. सासूबाई देवळात गेलेल्या. मी दारात म्हटलं, "ताई, तुम्हाला सर्दी आहे का?" तर म्हणाल्या, "अगं साधी आहे!" आणि मला बाजूला सारून पोरीला उचललं, पापा घेतला.

स्वरा हॉस्पिटलात राहून आली. मज्जेची तारीख पुढे गेली. सासूबाईंनी स्वतःच्या लेकीला फोन केला. "पोर बरी होईपर्यंत माहेर बंद," एवढंच म्हणाल्या आणि ठेवला. मग रात्री जेवल्या नाहीत.

*

आणि हा परवाचा किस्सा.

सकाळी उठले तर सासूबाई घरात नाहीत. दार बाहेरून ओढलेलं. उघडून बघते तर बाहेर पॅसेजमध्ये, लिफ्टच्या बाजूला, चटई टाकून बसलेल्या. शेजारी तांब्या, पदर नाकाला. मी दार मागे ओढून पुढे झाले तशा हाताने थांब म्हणाल्या. स्वरा आतून दार वाजवत होती, "आजी आत ये, आजी आत ये!" त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या.

तेवढ्यात समोरच्या पाटीलकाकू दूध घ्यायला बाहेर आल्या. त्यांना वाटलं, सासूसुनेचं वाजलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "काय हो आजी, इथे का बसलात?"

"मी बाहेरची आहे," सासूबाई म्हणाल्या.

पाटीलकाकूंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "अहो, ह्या वयात?"

"हो ना," सासूबाईंनी नाक पुसलं. "अंगावरच आलंय."

*

तर तुम्हाला एवढंच सांगायचंय. आमच्याकडे यायचं असेल आणि नाक नुसतं चुरचुरत जरी असेल, तरी फोनवर बोला. साधी आहे, म्हणू नका. ओळखीत, नात्यात, टिटवाळ्यापासून ठाण्यापर्यंत जे कोणी आम्हाला ओळखतात त्यांना कळवा. आणि आमच्या दारात आजी बसलेली दिसली, तर तिला आत चला म्हणू नका.