अठरावा भाग आणि गिरजाबाई

वडशात नाटकवाला माणूस ओळखायची सोपी खूण म्हणजे तो पावसाळ्यात भरदुपारी घरी सापडतो. मुखरू तीस पावसाळे असाच सापडत आला होता. दिवाळी झाली की झाडीपट्टीची नाटकं गावोगाव सुरू होतात आणि मुखरू त्यांत प्रॉम्प्टर. रोज नवं गाव, बरेचदा नाटकही नवं, तालमी झाल्या तर दोन. त्यामुळे विंगेत पुस्तक धरून नटाला पुढचं वाक्य हळूच पुरवणारा माणूस नसला, तर राजाचा भिकारी व्हायला वेळ लागत नाही. टाळ्या नटाला आणि शिव्या प्रॉम्प्टरला, असा हा धंदा. छप्पन्नाव्या वर्षी त्याचे गुडघे गेले होते, घसा जायच्या मार्गावर होता. हंगाम संपला की तो दरवर्षी म्हणायचा, "आता पुरे झालं बाप्पा." पुढच्या हंगामाला पुन्हा उभा.

या धंद्याचा एक नियम त्याने जन्मात मोडला नव्हता. कोण कुठे विसरतो ते विंगेबाहेर काढायचं नाही. बायकोलाही नाही सांगायचं. त्यातून गिरजाबाईचं तर मुळीच नाही.

गिरजाबाई म्हणजे चाळीस वर्षं आईची कामं करत आलेली बाई. ती रडली की मांडवातली म्हातारी माणसं डोळ्याला धोतराचा सोगा लावायची. पण गेल्या तीन हंगामांत तिचं पाठांतर गळू लागलं होतं. ती थांबायच्या आधीच मुखरू वाक्य सुरू करून द्यायचा, म्हणून कोणाला पत्ता लागला नव्हता, मंडळाचा मालक देवराव यालासुद्धा. पोळा झाला की देवराव नव्या हंगामाची माणसं ठरवायचा. त्याने बाईला वगळलं असतं, तर साठी ओलांडलेल्या नटीला दुसरं कोणतं मंडळ दारात उभं करणार होतं?

आता या सगळ्यात जपानी कार्टून कुठून आलं? तर भाचीकडून. दिव्यानी फार्मसी शिकायला मामाकडे राहत होती. पाऊस लागला की ती मोबाइलवर हिंदीत डब झालेली एक मालिका लावायची. मुखरू आधी नाक मुरडत बाजूला बसला, मग चष्मा लावून बसला, आणि पाचव्या भागापासून भाचीला म्हणू लागला, "मी आल्याशिवाय लावू नको."

मालिका तीनशे वर्षं पुढची. समुद्राखाली शहर. तिथे जन्मलेल्या प्रत्येक पोराला एक यंत्र एक सूर देतं, आणि त्या सुरावरच दारं उघडतात, रेशन मिळतं, सगळं चालतं. हिनारी नावाच्या मुलीच्या आईचा सूर यंत्र काढून घेतं. सतराव्या भागात हिनारी शपथ घेते की आईचा सूर परत मिळेपर्यंत मी या यंत्रासमोर तोंड उघडणार नाही. आणि अठराव्या भागात तीच बया लाखभर लोकांपुढे, त्याच यंत्राच्या रंगमंचावर, नवे कपडे घालून गाते. का गाते, ते कोणी सांगत नाही.

दिव्यानीच्या ग्रुपमध्ये या एका गाण्यावरून महिनाभर महाभारत चाललं होतं. अहेरीच्या बाजारात मोबाइलची कव्हरं विकणारा कुलदीप गाण्याच्या बाजूने. त्याचं म्हणणं, "गाणंच एवढं भारी हाये, तं कारण कायले पायजे?" दिव्यानीचं म्हणणं, लेखकाला भाग संपवायची घाई झाली होती. भामरागडची हर्षा मास्तरीण. तिकडे पूल पाण्याखाली गेला की नेटवर्कही जायचं, म्हणून ती तीन दिवसांनी उगवायची आणि मिटत आलेलं भांडण पहिल्यापासून सुरू करायची. गुणदोष काढता काढता कुलदीप एकदा दिव्यानीला म्हणाला, "तुले कथेतलं काय समजते? औषधाच्या गोळ्या मोज."

भाचीचं तोंड उतरलं. मुखरूला राहवलं नाही.

खरं सांगायचं तर केवळ भाचीसाठी नव्हे. तीस वर्षं दुसऱ्याची वाक्यं कुजबुजताना त्याला एक गोष्ट उमगली होती आणि ती आजवर कोणी विचारली नव्हती. लेखकांनी नाही, देवरावने तर नाहीच. एकदा एका नाटकाच्या तिसऱ्या अंकाबद्दल बोलायला गेला तेव्हा देवराव म्हणाला होता, "मुखरूभाऊ, तुमी वाचाचं काम करा." ते त्याच्या मनात सलत राहिलं होतं. त्याने भाचीचा मोबाइल घेतला आणि आपल्या फाटक्या आवाजात बोलणं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं.

"पाहा पोरंहो, मी प्रॉम्प्टर हावो. चांगला नट वाट्टेल तिथी विसरत नाई. जिथी कथा तुटली असते, तिथीच विसरते. वाक्याले मागून धक्का भेटत नाई नं, म्हणून. आमच्या नाटकातली गिरजाबाई घ्या. दुसऱ्या अंकात थे आई म्हणते, लेकीले मारणारा जवाई माह्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाई. अन् तिसऱ्या अंकात पडदा उघडला की थेच म्हणते, या जावईबापू, ताट वाढून ठेवलं आहे. बाई दर खेपेले तिथी थांबते. चाळीस वर्षांची नटी, पण थांबतेच. तुमची हिनारी बी तिथीच थांबाले पायजे होती."

मग हर्षाने लिहिलं, "मामाजी, पटलं." कुलदीपनेही हार मानली. मुखरूला त्या संध्याकाळी दोन घास जास्त गेले. आपण काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

कुलदीप मनाचा वाईट नव्हता. त्याला ते बोलणं इतकं आवडलं की त्याने ते नाटकवेड्या मित्रांना पाठवलं. मित्रांनी आणखी मित्रांना. चौथ्या दिवशी ते देवरावच्या मोबाइलवर पोचलं. त्यातलं हिनारीचं कोणाला काय पडलं होतं? लोकांनी एवढंच ऐकलं, की गिरजाबाई विसरते.

देवरावचा फोन आला. "मुखरूभाऊ, खरं सांगा. बाई त्याच जागी विसरते का अजून कुठी?"

"त्याच जागी. अन् थे बी तुमच्या लेखकाची चूक हाये," मुखरू म्हणाला. तीस वर्षांत नियम मोडला तो एकदाच, आणि त्यावर पांघरूण घालायला हे खोटं. देवराव म्हणाला, "इचार करतो," आणि फोन ठेवला.

दोन दिवस मुखरूला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो रेल्वे फाटकापलीकडे गिरजाबाईच्या घरी गेला. ती ओसरीत लाखोळीची डाळ निवडत बसली होती. त्याला पाहून तिने पाट सरकवला.

"बाई, माही चूक झाली," तो म्हणाला. "पण मी देवरावले सांगतलं, एकाच जागी म्हणून. तुमाले तो घेईल."

"घेत होता," गिरजाबाई म्हणाली. "काल आलता. मीच नाई म्हटलं."

"काऊन?"

तिने सूप बाजूला ठेवलं. "भाऊ, तीन साल झाले, मी पयल्या अंकात विसरतो, दुसऱ्यात विसरतो, गाण्यानंतर तं काईच आठवत नाई. तुमी मले उचलून नेता. हे सगळं तुमाले माहीत. अन् जगाले तुमी सांगतली कोणती जागा? थे एकच जागा अशी हाये, जिथी मी विसरत नाई."

"म्हंजे?" मुखरूने विचारलं.

"तिथी वाक्य मले सपष्ट आठवते," ती म्हणाली. "तुमी द्यासाठी तोंड उघडता नं, त्याच्याबी आधी. पण पोरीले मारणाऱ्याले जेवाले ये म्हणाले माही जीभ उचलत नाई. म्हणून मी थांबतो. साऱ्या नाटकात तेवढंच माह्या मनानं होते. आता लोक तिथीच हसतीन, म्हातारी विसरली म्हणून. मंग कायले जाऊ?"

मुखरूचं म्हणणं बरोबर होतं, कुलदीप हरला होता, आणि त्या बरोबर म्हणण्याने त्याने या बाईचं काम घालवलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि फार दमल्यासारखं झालं.

गिरजाबाईला त्याची दया आली असावी. तिने पदर सावरला, पाठ ताठ केली आणि उंबऱ्याकडे बघत, कुठेही न अडखळता म्हणाली, "या जावईबापू, ताट वाढून ठेवलं आहे."

मग तिने मुखरूकडे मान वळवली.

"याच्या पुढचं काय व्हतं, भाऊ?"

"लेकीच्या हातची चव नाही, पण बसा," मुखरू हळूच म्हणाला.