मामांचा समुद्र आणि निळा मग

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खामगावच्या बाजारात पत्रकं वाटत होते. आठवडा-आठवडा नळ कोरडे का, असा जाब विचारणारी. उरलेला गठ्ठा काखेत तसाच, आणि मी मामांच्या दारात...

मामा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. घरात एक कुत्रा, दोन मांजरी, आणि बैठकीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. सुरुवातीला त्यांनी लोणार सरोवराचं पाणी कॅन भरून आणलं. खारं ते खारं, समुद्राचं काय अन् लोणारचं काय, असा हिशेब. त्यात सोडलेले तिन्ही मासे संध्याकाळपर्यंत मेले. ही फजिती येणाऱ्या-जाणाऱ्याला ते स्वतःच सांगत. मग समुद्री मीठ मागवून मापानं पाणी करायला शिकले, आणि केशरी पट्ट्यांचे दोन मासे जगवले. "लोक टँकरमागे पळतात आणि तुम्ही घरात समुद्र पाळता?" मी तोंडावर विचारलं. मी हे पत्रकातही छापणार होते. मजकूर वाचून मामा म्हणाले, "काऊन वं, माहं नाव नाही टाकलं? आन इकडे, शुद्धलेखन तपासून देतो." दिलंही. माझा मुद्दा मी आजही मागे घेत नाही.

वीज गेली की टाकीतला पंप थांबतो, मासे गुदमरतात. मग मामा निळ्या मगानं पाणी उचलून उंचावरून परत टाकीत सोडत, वीज येईपर्यंत. मामी कधी टाकीजवळ फिरकली नाही. "याइले कुरवाळताबी येत नाही," म्हणायची.

बाईनंही खांदा द्यावा, हे माझं दुसरं पत्रक. "मले तूच ने," ते वाचून मामा म्हणाले होते, आणि मी शब्द दिला होता. आणि त्या दुपारी तिरडी बांधून झाली, तोच वीज गेली. मी निळा मग उचलला. दारातून कोणी तरी म्हणालं, "बरं झालं, पोरगी घरीच राह्यली." अंगाची लाही लाही झाली, पण हात थांबवता येईना. थांबवला तर मासे जाणार, नाही थांबवला तर मामा...

बायकांच्या घोळक्यातून मामी उठली.

"किती उंचावरून टाकाचं?"

मी दाखवलं.

"दे इकडे. तू जाय. त्यायले शब्द देला व्हता तुनं."

मी खांदा दिला. कोणी अडवलं नाही.

परतले तेव्हाही वीज नव्हती. मामी पाणी ओततच होती. पदर ओला, पायाशी मांजर. "दोघंबी हायेत," ती म्हणाली.

महिना झाला. टाकी आता मामीची. घरातली सगळी भांडी ती लख्ख घासते, निळ्या मगाच्या काठावरचा मिठाचा पांढरा थर मात्र तसाच ठेवते. काल पुन्हा वीज गेली. मी हात पुढे केला.

"राहू दे, मी हाय इथं. लाईन काऊन जाते, ते लिह्य तू."

मी लिहायला बसले. मागे पाणी पडत होतं... मामांच्या हातून पडायचं तसंच.